मत काहून नाही दिलं?

टेबलावरून बोट फिरवायचं, बोटाला लागलेली कोळशाची राख आपल्यापुढे धरायची आणि म्हणायचं, "राख आपल्याले, उजेड त्यायले." नागपूरजवळच्या आमच्या वीजकेंद्राच्या कार्यालयात काकूंचा दिवस असा सुरू व्हायचा. वीज इथे तयार होते, दिवे मुंबई-पुण्यात लागतात, म्हणून विदर्भाचं राज्य वेगळं हवं, असं त्यांचं म्हणणं. आम्ही माना डोलवायचो. तुम्ही नागपूरकडे राहिला असाल, तर तुम्हीही मान डोलवलीच असेल.

निवृत्तीनंतर त्या विधानसभेला अपक्ष उभ्या राहिल्या. मीही प्रचाराला हिंडले. घरोघरी चहा मिळाला, बायकांनी ओवाळलं. निकाल लागला तेव्हा अनामत तर गेलीच. पण आमच्या वसाहतीत ज्यांनी चहा पाजला, त्यांनीसुद्धा मत दिलं नव्हतं.

आता काकू आठवडाभर दार लावून बसतील, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी त्या सकाळीच माझ्या दारात.

"चाल वं, लोकायले विचारून येऊ."

"काय?"

"मत काहून नाही दिलं ते."

सुरुवात त्यांनी घरापासूनच केली होती. काकांनी मान खाली घालून कबूल केलं होतं, की त्यांचं मत जुन्या आमदाराला गेलं. काकांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं तेव्हा त्यानेच दवाखान्यात खाट मिळवून दिली होती. हे सांगताना काकूंना हसू येत होतं. "खरं तं बोलले," म्हणाल्या.

मला फार संकोच वाटत होता. पण काकूंच्या आवाजात तक्रार नव्हती, त्यामुळे लोक बोलू लागले. कोणी म्हणालं, मत वाया गेलं असतं. बिहारहून आलेल्या वेल्डरच्या बायकोने भीतभीत विचारलं, नवं राज्य झालं तर आम्हाला परत पाठवाल का? काकूंनी तिचा हात बराच वेळ सोडला नाही.

शेवटचं घर एका निवृत्त फिटरचं. त्यांच्या वडिलांनी दीक्षाभूमीवर धम्म स्वीकारलेला. त्यांनी आम्हाला बसवलं आणि शांतपणे म्हणाले, "मुंबई दूर हाये म्हणून तरास होते, हे खरं. पण गावचा पाटील तं जवळच होता ना, बाई?"

मी काकूंकडे पाहिलं. बोलण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण त्या वाद न घालता म्हणाल्या, "मंग कसं राज्य पायजे, सांगा." दुपार कलेपर्यंत आम्ही तिथेच होतो.

त्यानंतर सभांमध्ये काकू आधी फिटरचा हा प्रश्न मांडायच्या आणि मग राज्य मागायच्या. चळवळीतले काहीजण चिडले. काकू, तुम्ही नेमक्या कोणाच्या बाजूच्या, असं एकाने विचारलंही. "राज्याच्याच," त्या म्हणाल्या. "पण त्यात राहणाऱ्यायले विचारा तं."

पुढच्या निवडणुकीतही त्या हरल्या. राज्य अजून झालेलं नाही. काका गेल्यावर काकूंची नजर अधू झाली आणि मुलगी त्यांना न्यायला आली. मुलीची नोकरी पुण्याची. आम्हाला वाईट वाटलं, थोडं हसूही आलं. काकूंनाही आलं. "तिथं बी माणसंच राहतात वं," म्हणाल्या.

बसजवळ आम्ही बरेचजण जमलो होतो. फिटरही आले होते. काकूंना खिडकीजवळ बसवलं. बस हलली तेव्हा मी हात केला, पण त्यांचं लक्ष नव्हतं. पलीकडच्या सीटवरची कोणी अनोळखी बाई काहीतरी सांगत होती आणि काकू तिच्याकडे वळून ऐकत होत्या.