सूनबाईचा किल्ला

थर्मासमधल्या वेलचीच्या चहाचा वास आला की मला फुजैराच्या डोंगरातला तो मातीचा किल्ला आठवतो बघा. आमची सूनबाई तिकडे अमिरातीत, फुजैरातच वाढलेली. मी अबुधाबीला त्यांच्याकडे राहायला गेले तेव्हा म्हणाली, "आई, तुम्हाला माझा किल्ला दाखवते. लहानपणी बाबा दर शुक्रवारी न्यायचे." एवढ्या लांब स्वतः गाडी चालवत मला आणि मुलाला नेलं तिनं, सोबत थर्मासभर वेलचीचा चहाही घेतला. खजुराच्या बागेमागे एक गोल बुरूज, अर्धी ढासळलेली भिंत, तापलेल्या मातीचा वास, आत बकऱ्यांच्या लेंड्या. संपला किल्ला, खलास! मी पदर डोक्यावर घेतला आणि म्हटलं, "अगं, याला किल्ला म्हणतात होय? आमच्या गावच्या गडावरचं पाण्याचं टाकंसुद्धा याहून मोठं आहे!" मुलगा खो खो हसला, तसा मला आणखी चेव आला. तटबंदी, चोरदरवाजा, सगळं ऐकवलं. ती भिंतीतल्या एका कोनाड्यावर हात ठेवून उभी होती, काहीतरी सांगणार होती. हात काढून घेतला आणि एवढंच म्हणाली, "यल्ला आई, निघू या. ऊन फार आहे." पुढच्या सुट्टीत ती गावी आली तेव्हा मी तिला आमच्या गडावर नेलं. धापा टाकत चढली बिचारी, पण प्रत्येक पडक्या चौथऱ्यापाशी थांबून "आई, इथे काय होतं?" असं विचारत राहिली, आणि मी रंगून सांगत राहिले. तिच्या किल्ल्यात मी असा एकसुद्धा प्रश्न विचारला नव्हता. आता फार विचारावंसं वाटतं, पण कुठल्या तोंडानं विचारू?