धोंडूची इटालियन सायकल

धोंडू परबने उमेदीची सगळी वर्षं इटलीच्या सायकली बनवल्या, त्याही चिंचपोकळी स्टेशनामागच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये.

परदेशी माल मिळणं मुश्कील होतं तेव्हाची ही गोष्ट. शर्यतीत उतरणाऱ्या पोरांना इटलीच्या हलक्या सायकलीचं भारी वेड. शेडचे मालक कुशाबा गोदीतल्या ओळखीने पातळ नळ्या आणायचे. धोंडू त्या पितळेने सांधायचा आणि सांधा कानशीने असा घासायचा की कुणाचा हात लागलाय हे कळूच नये. वरून इटालियन नाव चिकटवलं की झालं. पैसा कुशाबांचा, नाव इटलीचं आणि धोंडूच्या वाट्याला चटके. केलं कोणी, मिरवलं कोणी! पण कुरकुर करणाऱ्यांतला तो नव्हता. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये, एवढं मात्र तो गावाहून शिकून आला होता, आणि पोकळ नळी म्हणजे त्याच्या लेखी भांडंच. सांगाडा थंड झाला की बायकोने, शेवंतीने, चिंधीत बांधून दिलेले तांदळाचे चार दाणे तो सीटखालच्या नळीत सरकवून द्यायचा.

पुढे शेड गेली, कुशाबाही गेले. धोंडू लालबागला चाळीच्या तोंडाशी बसून पोरांच्या सायकलींचे पंक्चर काढू लागला. मरण्याआधी एकाने तरी म्हणावं, ही धोंडूने केली. बाकी त्याला काही नको होतं.

आणि गेल्या महिन्यात, कुणीतरी पत्ता दिला म्हणून, गिरगावची जुई विजयकर एक जुनी सायकल घेऊन दारात उभी राहिली. तिचे वडील कमलाकांत वर्षापूर्वी वारले होते. ही आपण इटलीहून मागवली, असं ते तिला लहानपणापासून सांगत आले होते. दादरला जुन्या इटालियन सायकलींचं प्रदर्शन भरणार होतं, तिथे वडिलांच्या फोटोशेजारी ती ठेवायची होती. त्याआधी नीट खोलून साफ करून हवी होती.

धोंडूने सांध्यावरून बोट फिरवलं आणि त्याला ओळख पटली. आपल्या पोराला कोण विसरेल? त्याने सीटचा दांडा उपसला, सायकल उलटी केली, तारेने चिंधी ओढून काढली आणि काळे पडलेले दाणे जुईच्या तळहातावर ठेवले. मग सगळं सांगितलं.

जुईने विचारलं, "बाबांना माहीत होतं?"

"होय. माप द्यायला ते स्वतःच शेडवर आले होते."

सायकल अजून पळते, घेऊन जा, असं धोंडू परत परत म्हणत राहिला.

"चांगली असेल हो, काका," ती म्हणाली. "पण इटलीची नाही ना." आणि सायकल तिथेच सोडून ती निघून गेली.

सायकल दाराशी उभी राहिली. येताजाता धोंडू तिच्याकडे बघायचं टाळू लागला. खोटी होती तोवर तिला घर होतं, मान होता. खऱ्या बापाने तिला ओळखलं आणि ती बेवारशी झाली. शेवंती सहसा त्याला बोलत नसे, पण एका संध्याकाळी तिलाही राहवलं नाही. "कित्याक सांगलात? त्या पोरीचो बापूस तुमी दुसऱ्यांदा मारलात."

दुसऱ्या दिवशी धोंडूने जुईला फोन लावला.

"ताई, माझीच चूक झाली. वय झालं, डोकं चालत नाही. तुमची सायकल इटलीचीच आहे. कधीतरी दुरुस्तीला आली असेल, तेव्हा तांदूळ टाकले असणार मी."

तिला हे पटू नये, असं त्याला आतून फार वाटत होतं. तिने वाद घालावा, निदान पुन्हा एकदा विचारावं.

जुईने सुटकेचा निःश्वास टाकलेला त्याला फोनवर ऐकू आला.

"मला वाटलंच होतं, काका," ती मायेने म्हणाली. "इतकं सफाईचं काम इथलं असेल कसं?"