चोर शोधायचा खेळ आणि आपला मजला

दुसऱ्या मजल्यावरच्या मंडळींसाठी हा कागद जिन्यातल्या फळ्यावर लावतेय, कारण समोर बोलले तर भांडण होईल.

मोठ्यांनीही रमी सोडून दुसरं काही खेळावं, म्हणून मी नवा खेळ आणला. मुलुंडला मिळेना, तर फोर्टला जाऊन आणला. बंगल्यात चोरी होते. माळी, स्वयंपाकी अशा बंगल्यातल्या एकेका माणसाचा एक पत्ता; त्यातला एक न बघता बाजूला झाकून ठेवायचा, बाकीचे वाटायचे. प्रत्येकाने आपले पत्ते लपवायचे, प्रश्न विचारायचे. ज्याचा पत्ता कोणाकडेच नाही, तो चोर.

आज दुपारी आठ जण बसलो. पहिल्याच डावात सावंतवहिनी गोंधळल्या, तर नेनेकाकूंनी आपले पत्ते सरळ त्यांच्यापुढे धरले. "बघ गं, माळी माझ्याकडे आहे. तुझ्यापासून काय लपवायचं?"

मग सगळ्यांनीच दाखवले. दहा मिनिटांत चोर सापडला. सगळे खूश.

मी मात्र माझे पत्ते पदराखाली धरून बसलेली. नंतर कळलं, आमच्या ह्यांनी ते मागून डोकावून बघितले आणि चहा पितानाच सगळ्यांना सांगून टाकले होते.

पुढच्या रविवारी टीव्हीवरच्या सिनेमाआधी कोणता खेळ मांडायचा, ते खाली लिहा. सापशिडी नको. नाव लिहिलं नाही तरी चालेल. अक्षरावरून कोण ते सगळ्यांना कळणारच आहे.