फ्रिजवरची फ्रेंच बाटली

ती बाटली नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका फ्रेंच बाईनं दिली होती, आम्ही चँडलरमध्ये घर घेतलं तेव्हा. लेक तेव्हा दहा वर्षांची. बोर्दोकडची पांढरी वाइन, दोन जातींच्या द्राक्षांची. एक जात आंबट, तरतरीत. दुसरी मऊ, मधाच्या अंगानं जाणारी. "म्हणजे आमटीतलं चिंच-गूळच की!" मी म्हटलं. नवऱ्यानं ते तिला समजावून सांगितलं, तर बाई भलती खूश. बाटलीच्या गळ्यात तिनं कार्ड अडकवलं होतं: गार करून प्या, दोन-तीन वर्षांत प्या, सोबत मासे, शिंपले, बकरीच्या दुधाचं चीज, लिंबू लावून भाजलेली कोंबडी. त्याखाली मी पेन्सिलनं लिहिलं: सुरमई, तिसऱ्या, कोथिंबीर वडी.

पण दोन-तीन वर्षांत पितंय कोण! चांगली वस्तू आली की ती ठेवून द्यायची, ही माझी खोड. कपाटात अजून घडी न मोडलेल्या साड्या आहेत. "ग्रीन कार्ड आलं की उघडू," असं मीच जाहीर केलं.

घरात गार जागा एकच, आतलं बिनखिडकीचं कपाट. त्यात आमचं देवघर. नवरा म्हणाला, खालच्या फळीवर ठेवू या. "देवाच्या पायाशी दारू? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" झालं, बाटली फ्रिजवर गेली. फ्रिजचा माथा बारा महिने गरम, त्यात इथला वाळवंटातला उन्हाळा, आणि सुट्टीत भारतात जाताना आम्ही एसी बंद करून जायचो. हे मला तेव्हा सुचलंच नाही.

नवरा दर महिन्याला ग्रीन कार्डाच्या रांगेची तारीख बघायचा, म्हणजे कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जांचा नंबर लागला ते. कधी चार दिवस पुढे सरकायची, कधी सरळ मागे जायची. आम्हाला घाई होती ती लेकीची. एकविसावं पूर्ण झालं की मूल आईबापाच्या अर्जातून बाद, असा नियम. तीन वर्षांची असताना कडेवरून आणलेली पोर. तिला दुसरं गाव ठाऊक नाही. तरी मेली तारीख काही आमच्यापर्यंत पोचली नाही.

एकविसावा वाढदिवस आला. इथे याच दिवसापासून मुलांना दारू प्यायची मुभा मिळते. काय म्हणावं या थट्टेला! लेक कॉलेजातून घरी आली होती. आता तिचा वेगळा स्टुडंट व्हिसा. शिक्षण संपलं की पुढचं तिचं तिनं निस्तरायचं.

"आई, आज उघडू या ना ती," ती म्हणाली. नाही कोणत्या तोंडानं म्हणू?

मी इंडियन स्टोअरमधून फ्रोझन सुरमई आणली, रवा लावून तळली, वड्या केल्या. नवऱ्यानं बूच काढायला घेतलं तर त्याचा भुगाच झाला. चहाच्या गाळणीनं गाळली. रंग कोऱ्या चहासारखा, वास सडक्या सफरचंदांचा आणि व्हिनेगरचा. पहिल्या घोटाला नवऱ्यानं तोंड वाकडं केलं. मला तर रडूच फुटलं. माझ्याच हट्टानं नासली होती.

"इट्स फाइन, आई," लेक म्हणाली आणि सुरमईच्या तुकड्याबरोबर ग्लास संपवला. खोटं बोलताना ती बशीकडे बघते, लहानपणापासून.

मग नवऱ्यानं सवयीनं फोन काढला. नव्या महिन्याची तारीख आली होती.

"सरकली," तो म्हणाला.

"किती?" मीही सवयीनं विचारलं.

"बरीच. असंच चाललं तर वर्षभरात आपला नंबर लागेल."

लेकीनं बशीतला काटा बाजूला काढला. "काँग्रॅट्स, यू गाइज," ती म्हणाली, आणि माझ्याकडे आणखी एक वडी मागितली.