छपराला भोक असलेली गाडी

माझ्या गाडीचं सनरूफ फुटलं, त्याला आता दीड महिना झाला. न्हावा शेवाच्या रस्त्यावर पुढे चाललेल्या ट्रेलरच्या चाकाखालून एक खडा उडाला, वर फट्‌ असा आवाज झाला... आणि माझ्या मांडीवर काचेचे मणी. त्या ड्रायव्हरला मी गाडीतल्या गाडीत ज्या शिव्या घातल्या, त्या इथे लिहिता येणार नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्या सनरूफचं! पण आमच्या घरात ती चैन नाही, औषध आहे. माझ्या बायकोला, नयनाला, गाडी लागते.

उरणकडच्या कोळ्याची मुलगी ही. लहानपणी बाबांच्या होडीतून कितीदा समुद्रात गेली, तिथे पोटातलं पाणी हललं नाही. गाडीत बसली की मात्र दहा मिनिटांत हातात पिशवी!

एकदा मैत्रिणीच्या सनरूफवाल्या गाडीत सीट मागे टाकून आभाळाकडे बघत गेली, तर काहीच झालं नाही. होडीतही ती अशीच आडवी पडून वर बघायची म्हणे. मग आम्ही शोधून शोधून ही सेकंडहँड गाडी घेतली, आणि दर रविवारी करंजाडेहून बाबांकडे जाणं सुरू झालं. सासूबाई गेल्यापासून ते एकटेच असतात.

बाबा म्हणजे एके काळचे तांडेल, स्वतःच्या होडीचे कप्तान. गुडघ्यांनी दगा दिला आणि दोन वर्षांपूर्वी समुद्र सुटला. गाडी दाखवायला नेली तेव्हा त्यांनी लांबूनच निकाल दिला, "छपराला भोक पाडलेली गाडी कोन घेतं?"

आमच्या लग्नाला चार वर्षं झाली, पण बाबा एकदाही आमच्या घरी आलेले नव्हते. कधी गुडघा दुखतो, कधी मांजराला कोण बघणार... मी घाटावरचा, त्यांच्या जातीबाहेरचा. जावई काही पसंत पडलेला नाही, असं मी मनाशी धरूनच चाललो होतो. बोललो नाही कधी, पण सलत होतं.

तर काच फुटली. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, अख्खी असेंब्ली बदलावी लागेल, पार्ट यायला तीन महिने. छपरावर ताडपत्री चिकटवली, गाडीत अंधार झाला, आणि पहिल्याच फेरीत नयनाची अवस्था अशी झाली की अर्ध्या रस्त्यातून परत आलो.

पुढचे तीन रविवार गेलोच नाही. बाबा फोनवर म्हणायचे, बोंबील आणून ठेवले होते, शेजारी दिले. नयना फोन ठेवून खिडकीतून खाली गाडीकडे बघत बसायची... मला ते बघवेना.

मग मीच कामाला लागलो. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा कापून माप घेतलं, पनवेलमधल्या एका साइनबोर्डवाल्याकडून पारदर्शक पॉलीकार्बोनेटची शीट कापून आणली. ती चिकटवून वर गव्हाच्या पिठाच्या पिशव्या ठेवल्या, एक दिवस तशीच वाळू दिली. सोसायटीतल्या प्रत्येकाने येता-जाता फुकट सल्ला दिला.

शीट बसवताना चौकटीच्या चारही कोपऱ्यांत बारीक भोकं दिसली. इथूनच पाणी आत येणार, हे मी लगेच ‘ओळखलं’ आणि सिलिकॉन ठासून भोकं बंद केली. स्वतःवर भलताच खूश होतो.

रविवारी निघालो. वाटेत पावसाची सर आली, नयना मजेत वर बघत होती. बाबांच्या दारात मी ब्रेक मारला... आणि छपरातल्या लाइटमधून चांगलं तांब्याभर पाणी माझ्या डोक्यावर!

बाबा पडवीत बसले होते. खोकला लागेपर्यंत हसले. मग काठी टेकत आले आणि चौकटीतून बोट फिरवलं.

"ही भोकं कोनी बुजवली?"

"मी."

"जावयबापू, डेकवर पानी येतंच. ते जायाला आमी भोकं ठेवतोच ना! ती बुजवली का होडी भरली."

म्हणजे कडेने झिरपलेलं पाणी त्या भोकांतून नळीवाटे खाली जायला हवं होतं आणि मी नेमकी तीच वाट बंद केली होती. बाबांनी जाड तंगूस आणला, मासे पकडायची ती नायलॉनची दोरी. शीट उचकटली, सिलिकॉन टोकरून काढलं आणि एकेका भोकात तंगूस सरकवला. त्याचं टोक दाराच्या बिजागरीपाशी बाहेर आलं, तेव्हा मी लहान मुलासारखा ओरडलो.

शीटच्या कडा पुन्हा नीट बंद केल्या, दुपारभर वाळू दिल्या. मग टेस्ट. आत कोणी बसायचं? बाबा स्वतःच पुढच्या सीटवर बसले, सीट पार मागे टाकली. मी वरून दोन बादल्या ओतल्या. एक थेंब आत नाही.

"या बाबा बाहेर," मी म्हटलं. बाबा हलेनात. शीटवरून पाणी ओघळत होतं, आणि ते एकटक वर बघत होते.

मग तसेच पडून म्हणाले, "हितं बरं वाटतं. मलाबी गाडी लागते."

नयनालाही हे माहीत नव्हतं. अख्खं आयुष्य लाटांवर काढलेला तांडेल, जावयाच्या गाडीत पिशवी हातात घेऊन कसा बसेल? सांगायची लाज वाटत होती, म्हणून गुडघा आणि मांजर... आणि मी चार वर्षं काय काय समजून बसलो होतो! त्यांच्यासमोर उभं राहायला मला कसंतरीच झालं.

मांजर शेजारी सोपवलं आणि त्याच संध्याकाळी बाबा आमच्याबरोबर निघाले. पुढची सीट त्यांना दिली. नयना मागून मान वाकडी करून त्यांच्या वाटणीचं थोडं आभाळ घेत होती. करंजाडेपर्यंत दोघांनाही काही झालं नाही.

आमच्या बाल्कनीत बसून चहा पिताना बाबा म्हणाले, "घर चांगलं हाय." मी उठून स्वयंपाकघरात गेलो, कारण डोळे भरून आले होते.

त्या ट्रेलरच्या ड्रायव्हरदादा, तुम्ही हे वाचत असाल तर... सगळ्या शिव्या मागे घेतल्या.