कुत्र्याचं औक्षण

आमच्या घरात कुठलीही नवी गोष्ट ओवाळल्याशिवाय आत येत नाही. स्कूटर आली तेव्हा स्कूटर ओवाळली. फ्रीज आला तेव्हा हमालांना दारातच थांबवलं. ते बिचारे घामाघूम होऊन फ्रीज धरून उभे आणि आई आत फुलवात शोधतेय. त्यामुळे कुत्रा आणायचं ठरलं तेव्हा त्याचंही औक्षण होणार, हे कोणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

कुत्रा तुकईथडचा. तिथे माझ्या मावसभावाची शेती आहे. कपाशी वेचून झाली की उपटलेल्या पऱ्हाट्यांचा शेतात ढीग घालतात आणि पेटवून देतात. थंडीचे दिवस होते, हा बेवारस कुत्रा ऊब शोधत ढिगात शिरून झोपला होता. किंकाळ्या फोडत बाहेर आला तेव्हा पाठ आणि एक कान भाजून निघाला होता. भावाने त्याला पोत्यात गुंडाळून बुऱ्हाणपूरला जनावरांच्या दवाखान्यात आणलं आणि मला फोन केला, "भाऊ, तू जरा पाहून घे ना. मला केळीले पानी द्यायचं आहे."

मी एकदा पाहायला गेलो आणि रोजच जाऊ लागलो. वडील गेल्यापासून आई घराबाहेर फारशी पडत नव्हती. एक दिवस मीच तिला आग्रहाने सोबत नेलं. त्यानंतर मला उशीर झाला की तीच डबा घेऊन दारात उभी असायची. डब्यात दूध-पोळी कुस्करलेली. डॉक्टरांवर तो गुरगुरायचा, माझ्याकडे बघायचाही नाही, पण मलम लावताना आईच्या मांडीवर तोंड टेकून गप्प पडायचा. मला थोडा रागच यायचा. रिक्षाचं भाडं मी देत होतो ना!

"जखमा भरल्या की घरी न्यायचा याले," आई म्हणाली.

"नाव काय ठेवायचं?" माझ्या बायकोने विचारलं.

"आधी घरात तर येऊ दे. मग ठेवू आरामात."

तो आला त्या दिवशी बायकोने स्वयंपाकघराच्या दाराशी जुनी गोधडी अंथरली होती. मी त्याला रिक्षातून उतरवलं. दारात आई दिसली तशी त्याची शेपटी हलायला लागली, आणि पट्ट्याने मला ओढत तो पायऱ्या चढला. आईच्या हातात ताट होतं: कुंकू, अक्षता, भाकरीचा तुकडा, निरांजन. बायको मोबाइलवर व्हिडिओ काढत होती. "ये रे बेटा, ये," असं म्हणत आई वाकली आणि तिने ताट त्याच्या तोंडासमोर धरलं.

त्याने काढला तसा आवाज मी आजवर ऐकला नव्हता. तो जागच्या जागी मुतला, मान हिसडून पट्ट्यातून निसटला आणि आईला धडकून गल्लीत पळाला. ताट पडलं, तूप उंबऱ्यावर सांडलं. रिकामा पट्टा माझ्या हातात राहिला होता.

आगीतून वाचलेल्या जनावराच्या तोंडासमोर आम्ही जाळ धरला. सकाळपासून तिघंही तयारी करत होतो, पण एकाच्याही डोक्यात हे आलं नाही. पेटलेल्या पऱ्हाट्या म्हणजे आग, चूल म्हणजे आग. निरांजन म्हणजे नुसता दिवा. दिवा काय कोणाला भाजतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गल्लीत परत आला, पण समोरच्या ओट्यापाशी बसला. आम्हाला वाटलं, होईल हळूहळू. आईने उंबरा साबणाने घासून काढला. संध्याकाळचा दारातला दिवा तिने लग्न होऊन आल्यापासून कधी चुकवला नव्हता, तो बंद केला. देवापुढची समई मागच्या खोलीत नेली. बायकोने पोळीचे तुकडे पायऱ्यांपासून आतपर्यंत टाकून पाहिले. तो पायऱ्यांवरचे खायचा, उंबरा हुंगायचा आणि मागे वळायचा. आई बाहेर जाऊन बसली की तिच्या पायाशी येऊन झोपायचा. ती उठून घराकडे निघाली की तोही उठायचा, पहिल्या पायरीपर्यंत यायचा आणि तिथेच थांबायचा.

समोर एक काकू राहतात. त्यांना कुत्री मुळीच आवडत नाहीत. ओट्यावर दिसला की झाडू घेऊन धावायच्या आणि आमच्याकडे पाहत मोठ्याने बोलायच्या. एका दुपारी पाहतो तर हा त्यांच्या बैठकीत पंख्याखाली पाय पसरून झोपलेला.

"मी नाही बुलावलं हो त्याले," काकू मला म्हणाल्या. "दरवाजा उघडा होता, आला आपल्या मनानं अन् पडला. तुमचा आहे तर घेऊन जा ना."

कसा नेणार? त्यांच्याकडे गॅस पेटतो, उदबत्ती लागते, त्याचं त्याला काही वाटत नाही. भीती फक्त आमच्या दाराची बसली आहे. मला काकूंचा विनाकारण राग येतो. त्यांनी याच्यासाठी काय केलं? काहीच केलं नाही. दार उघडं ठेवलं, एवढंच.

आता तो तिथलाच झाला आहे. काकू त्याला "ए" म्हणतात आणि तो उठतो. आई रोज दूध-पोळी घेऊन समोर जाते. त्याच्या पाठीवर केस आले नाहीत तिथे खोबरेल चोळते, काकूंशी दोन शब्द बोलते, परत येते. ती घराबाहेर पडायला लागली हे चांगलंच झालं, असं बायको म्हणते. मीही हो म्हणतो, पण मला त्यात समाधान वाटत नाही. गोधडी बायकोने धुऊन ठेवून दिली.

परवा आई समोरून आली आणि रिकामं भांडं हातात घेऊन दारातच उभी राहिली. मी पेपर वाचत होतो.

"मी नुसतं ये म्हटलं असतं," तिने विचारलं, "तर आला असता का रे?"

"काय माहीत," मी म्हणालो.

आला असता. मी पेपरातून डोकं वर काढलं नाही.