ताईच्या टाक्यांची कळ

असे गूढ अनुभव मी आजवर करमणूक म्हणूनच वाचले. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, आमच्या घरातून कॉलेजला गेलेली पहिलीच. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. त्यामुळे हे लिहावं की नाही, अजून कळत नाहीये... पण लिहिते.

आम्ही वारज्यात राहतो. दोन खोल्या, तिसरा मजला. ताई दुसऱ्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. पहिली मुलगी सिझेरियनची, जेमतेम दीड वर्षाची. डॉक्टर मॅडमनी बजावलं होतं, "गर्भपिशवीवरच्या जुन्या टाक्याची जागा पातळ झालीये. तिथे दुखलं, ओढ लागली, रक्त दिसलं, तर लगेच यायचं. कळा सुरू व्हायच्या आधीच आपण सिझेरियन करू."

मग काय, घरात फक्त ताई. माझी खिडकीजवळची अभ्यासाची जागा तिच्या पलंगाला गेली. तिच्या प्रत्येक सोनोग्राफीला आई-बाबा दोघंही जायचे. माझे पेपर कसे गेले, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. खरं सांगते, मला तिचा हेवा वाटायचा. फार वाटायचा.

डोहाळजेवण आमच्याकडेच झालं, दुपारी. ताई फुलांच्या दागिन्यांत खुर्चीवर बसलेली, सगळ्यांचे मोबाईल तिच्याकडे. मी मागे भिंतीला टेकून उभी. तिच्या सासूबाई कसबा पेठेतून आल्या होत्या. आईला म्हणाल्या, "आमच्या वेळी टाक्यांची जाडी मोजत नव्हते हो. तरी पोरं झालीच." आई कसनुसं हसली.

ताईसमोर झाकलेल्या दोन वाट्या ठेवल्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. तिने हात पुढे केला आणि... माझ्या ओटीपोटात कळ आली. पाळीची नाही, ती मला ओळखता येते. ही आडवी, एका रेषेत — कुणी शिवण उसवावी तशी. माझं कधी साधं अपेंडिक्सचंही ऑपरेशन झालेलं नाही. मी खालीच बसले.

"बघा गं कुणीतरी हिच्याकडेही, नाहीतर रुसेल!" मावशी म्हणाली. सगळ्या हसल्या.

मला काय सुचलं कोण जाणे. म्हटलं, "ताई, तुझे टाके दुखतायत?"

"नाही गं."

"खरं सांग."

तिचं हसू गेलं. हळूच म्हणाली, "सकाळपासून जरा ओढल्यासारखं होतंय. ओटी भरून होऊ दे ना... नाहीतर सासूबाई आईलाच बोलतील."

आईनं ऐकलं. वाट्या तशाच राहिल्या. दाजी खाली पार्किंगमध्येच होते. फुलांच्या दागिन्यांसकट ताईला गाडीत बसवलं. मीही गेले, पोट धरून.

ताईला ऑपरेशनसाठी आत नेलं. मी बाहेर बाकावर वाकून बसले होते. थोड्या वेळानं कळ एकदम थांबली. कमी होत नाही गेली, थांबलीच. नंतर अंदाज केला, तर साधारण तेव्हाच ताईला भूल दिली होती.

मुलगा झाला. काही दिवस काचेच्या पेटीत होता, आता छान आहे. मॅडम म्हणाल्या, "टाका उघडायला लागला होता. तुम्ही अजून थांबला असतात, तर दोघांचंही काही सांगता आलं नसतं."

मी चाचरत माझं सांगितलं. त्यांनी माझीही सोनोग्राफी करायला लावली. काहीच निघालं नाही. "ताण आला असेल," म्हणाल्या. असेलही. पण कळ आली तेव्हा ताण येण्यासारखं मला कुठे काय माहीत होतं?

परवा ताईला विचारलं, "त्या दिवशी फार दुखत होतं का गं?"

"छे. नुसती ओढ होती. दुखलं असतं, तर मी बसले असते का तिथे?"

तिला मिळतं ते मला का नाही, असं मी लहानपणापासून विचारत आलेय. त्या दुपारी तिची कळ तेवढी मला मिळाली. कशी, ते अजून कुणालाच सांगता आलेलं नाही.